थंड खोलीतले रुमाल

९ जानेवारी

इथे मिळालेल्या तक्त्यात नाक, घसा, खोकला, डोके आणि ताप असे पाच रकाने आहेत. रोज झोपण्यापूर्वी त्यात लिहायचे. आज पाचही ठिकाणी "नाही" लिहिले आणि काम संपले. पेन हातात तसेच राहिले, म्हणून ही वही काढली.

काल दुपारी आले. हॉस्पिटलच्या मागे एक लांब बैठी इमारत आहे. एका माणसाला एक खोली, पुढे अरुंद व्हरांडा, आणि दोन व्हरांड्यांच्या मध्ये लाकडी फळी. दुसऱ्या कोणाच्या खोलीत जायचे नाही, कोणाजवळ उभे राहायचे नाही. मला हा नियम फार आवडला.

हे जाऊन दहा महिने झाले. मागच्या हिवाळ्यात साधा फ्लू झाला, तो छातीत उतरला आणि पुढचे सगळे भराभर झाले. तेव्हापासून वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्याकडे राहायला आहेत. धाकट्या भावावर त्यांचा फार जीव. कोणी भेटायला आले की त्या दोन गोष्टी सांगतात. पहिली, "त्या खिडकीनं घात केला त्याचा." दुसरी, माझ्याकडे मान वळवून, "ही अजून रडली नाही हो." मग येणारे माणूस माझे डोळे तपासते.

दुसरी गोष्ट खरी आहे. का, ते मला सांगता येत नाही. पहिली खरी आहे का, ते मला कळायला हवे आहे.

ह्यांना बारा महिने उकडायचे. ऐन थंडीतही डावीकडची, त्यांच्या बाजूची खिडकी उघडी. मी मोजे, दोन पांघरुणे आणि कानटोपी घालून उजवीकडे. लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडले, दुसऱ्या वर्षी कानटोपी विणली. ती खिडकी खरेच नडली का, हा प्रश्न दहा महिने माझ्याबरोबर जेवायला बसतो आहे.

मग पेपरात जाहिरात आली. "गार हवेमुळे सर्दी वाढते का? अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवक हवेत." वन्संना दाखवली. त्या म्हणाल्या, "लोक सर्दी जावी म्हणून डॉक्टरकडे जातात, तू आणायला चाललीस?" मी म्हणाले, "बघून येते." त्या म्हणाल्या, "येताना दोन घेऊन ये, एक मला."

१० जानेवारी

सकाळी नाकात थेंब घातले. इथल्या प्रमुख डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. मला काकू म्हणतात. त्यांनी सगळे नीट समजावले. काहींच्या थेंबांत सर्दीचा विषाणू आहे, काहींच्या थेंबांत नुसते मीठपाणी. कोणाला काय, ते बंद पाकिटात आहे. "मला विचारू नका काकू, मलाच माहीत नाही," असे त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की बरे वाटले. माझ्या ऑफिसात कोणा साहेबाने असे कधी कबूल केले नाही.

यापुढे रोज निम्म्या लोकांनी एक तास थंड खोलीत बसायचे आणि निम्म्यांनी उबदार खोलीत. मी थंड खोलीत.

मी विचारले, थंडीने सर्दी होते हे तर सगळ्यांना माहीतच आहे, मग हा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, "सगळ्यांना माहीत आहे, हीच तर पंचाईत आहे." नाकाच्या आतली जागा उरलेल्या शरीरापेक्षा थोडी गार असते आणि सर्दीच्या विषाणूला तेच मानवते. ती जागा आणखी गार झाली की नाकाचे पहारेकरी सुस्तावतात, असे प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत दिसते. पण माणूस म्हणजे ताटली नव्हे. शिवाय थंडीत लोक दारे-खिडक्या लावून एकमेकांच्या श्वासात बसतात. मग गुन्हेगार कोण, गारवा की बंद खोली? म्हणून इथे प्रत्येकाला वेगळी खोली दिली आहे, आणि मोजायचा आहे तो नुसता गारवा.

फळीपलीकडे एक टेलरबाई राहतात. हातभर अंतर राखूनही त्या शेजारी बसल्यासारख्या बोलतात. घरी दुकान, नवरा, सासूबाई, तीन मुले. "ताई, आयतं ताट समोर येतं हो इथं. काल मी दोनदा झाकण काढून बघितलं, खरंच कोणीतरी दुसऱ्यानं केलंय का म्हणून." सर्दी झालेल्यांना चार दिवस जास्त ठेवतात. टेलरबाईंना सर्दी हवीच आहे.

१२ जानेवारी

काल आणि आज थंड खोली झाली. जाड दार, पांढऱ्या भिंती, वर गार हवेचे यंत्र घुमत असते. पातळ सुती कपडे घालून खुर्चीत बसायचे, पाय गार पाण्याच्या घमेल्यात. आम्ही चौघे आहोत, लांब लांब. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तासभर "काय हे, काय हे" म्हणत होते.

मला थंडी सोसत नाही अशी माझी आजवरची समजूत होती. माझी खुर्ची अशी आहे की वारा डाव्या गालावर येतो. मी डोळे मिटून बसले. तास कसा गेला कळले नाही. सिस्टरने दार उघडून "सुटलात" म्हटले तेव्हा मला उगीचच तिचा राग आला.

ही सिस्टर रोज दोनदा येते आणि आमचे वापरलेले कागदी रुमाल पिशवीत भरून तोलते. रुमाल जितके जड तितकी सर्दी मोठी, असा हिशोब. गार हवेत कोणाचेही नाक वाहते, म्हणून त्या खोलीतले रुमाल धरत नाहीत. फक्त आपल्या खोलीतले. ती म्हणाली, "मावशी, लोकांच्या पोरी सोनं तोलतात, मी हे तोलते. आईनं लग्नाच्या माहितीत नुसतं 'हॉस्पिटलमध्ये नोकरी' एवढंच लिहिलंय."

१४ जानेवारी

लागण झाली वाटते. दुपारी जेवून पडले होते, एकाएकी डोळ्यांतून पाणी यायला लागले. मग नाक. अर्धी पेटी संपली. तक्त्यात नाकाच्या रकान्यात पहिल्यांदा "हो" लिहिले. आल्याचे सार्थक झाले.

सिस्टरने पिशवी काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "वा मावशी." शाळेत गणिताचे गुरुजी असे म्हणायचे.

टेलरबाईंचे तोंड उतरले. "थंडीवाल्यांची मजा आहे बाई. आम्हाला तिथं नुसती झोप येते. कालपासून चोवीस तास आयुष्यात पहिल्यांदा शिंकायचा प्रयत्न करतेय."

१६ जानेवारी

सर्दी जोरात आहे, पण विचित्र आहे. सकाळी काही नाही. थंड खोलीत काही नाही. परत येऊन जेवले, दार लावून पडले की सुरू. घसा ठीक, शिंक एकही नाही. आणि झोप इतकी गाढ लागते की सिस्टरला दार वाजवावे लागते. दहा महिन्यांत अशी झोपले नव्हते. सर्दीने झोप चांगली लागते हे मला नवीनच कळले. भूकही वाढली आहे.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "आवाज बघ कसा बसलाय. घेतलीस ना?"

"थोडीशी."

"मी काय सांगत होते? गारव्यानंच होतं. आता तुझ्याच नाकानं सांगितलं ना, तो कशानं गेला ते?"

मी "जेवण आलंय" म्हणून फोन ठेवला. जेवण यायला अवकाश होता.

मला त्यांचा राग नाही. पण मी इथे आले ती त्यांना हे म्हणता यावे म्हणून नव्हे, हेही खरे.

१७ जानेवारी

आज फार हसले. हसू आवरायला पुन्हा रुमाल लागले, ते मी वेगळे ठेवले.

थंड खोली विरुद्ध उबदार खोली असा सामनाच सुरू झाला आहे. सिस्टरने आकडे सांगायचे नसतात. ती म्हणते, "मी काही बोलणार नाही, पण थंडीवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही." माझ्यामुळेच आहे ते. बँकेतल्या गृहस्थांनी लांबून मला नमस्कार केला.

टेलरबाईंना हे सहन झाले नाही. सकाळी त्या खोकल्या. सिस्टर म्हणाली, "मावशी, हा खोकला नवऱ्याला बोलवायचा आहे, सर्दीचा नाही." दुपारी त्यांनी तीन भिजलेले रुमाल पिशवीत टाकले. सिस्टरने पिशवी उजेडात धरली.

"हे पिवळं कसं?"

"पिकलीय सर्दी," टेलरबाई म्हणाल्या.

सिस्टरने वास घेतला. "साखर किती घालता?"

टेलरबाईंनी चहात बुडवले होते. आधी नुसत्या पाण्यात बुडवले, पण ते खोटे दिसेल असे त्यांना वाटले. सिस्टर हसून हसून खुर्चीत बसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "असं करू नका हो. असा एक रुमाल वजनात गेला तर सगळाच अभ्यास खोटा. डॉक्टर बाईंची चार वर्षांची मेहनत आहे." टेलरबाई ओशाळल्या. पिशवीतून रुमाल परत मागून घेतले.

१९ जानेवारी

आज डॉक्टरीणबाई स्वतः खोलीत आल्या. तोंडावर मास्क, हातात माझा तक्ता.

"काकू, तुमच्या नाकाचा स्वॅब दोनदा घेतला. दोन्ही वेळा काहीच सापडलं नाही. आणि रुमाल मात्र सगळ्यांत जड."

मी म्हणाले, "माफ करा."

त्यांनी धुळीचा त्रास, फुलांचा त्रास, साबण, सगळे विचारले. उशी बदलली. पांघरूण बदलले. खिडकीचा पडदासुद्धा काढून नेला. मग खुर्चीवर बसल्या आणि कपाळ चोळले. "कधीकधी स्वॅबमध्ये येत नाही, तरी सर्दी असते. म्हणून तर आम्ही रुमाल तोलतो. ते वजन मला धरावंच लागेल. आणि या तुकडीत माणसं इतकी थोडी आहेत की तुमचं वजन धरलं तर गारवा दोषी ठरतो, नाही धरलं तर ठरत नाही." एवढे बोलून त्यांनी जीभ चावली. "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं."

उद्या स्वॅब तिसऱ्यांदा घेणार आहेत.

गारवा दोषी. वन्संना फोनवर काय सांगणार?

२० जानेवारी

तिसरा स्वॅबही कोरा. काल नवीन उशीवरही सर्दी तशीच होती.

जेवणाआधी व्हरांड्यात बसले होते. फळीपलीकडून टेलरबाई म्हणाल्या, "ताई, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोला."

"ती सर्दी नव्हे."

मी फळीकडे वळून बघितले.

"तुमची उशी आणि माझी उशी, मध्ये एक भिंत, आणि भिंत म्हणजे काय, पुठ्ठाच. सर्दीचं माणूस शिंकतं, खाकरतं, देवाला बोल लावतं. तुम्ही दार लावता आणि मग कितीतरी वेळ आवाजच नाही. आणि मधूनच 'अहो' म्हणता."

"तुमच्या ऐकण्यात काही चूक होत असेल."

"असेल. पण सर्दीला कोणी अहो म्हणत नाही, ताई."

मी आत आले आणि दार लावले. जरा जोरात लागले. एवढ्या वर्षांत ऑफिसात कोणी माझ्याशी असे बोलले नव्हते. मी नकाशे काढायचे, माझी रेघ खोडायची कोणाची हिंमत नव्हती.

आज दुपारी डोळ्यांना पाणी आले नाही. रागाने बहुधा.

२१ जानेवारी

सकाळी थंड खोलीत डोळे मिटले. डाव्या गालावर वारा. यंत्र घुमत होते. मी पांघरूण ओढायला उजवा हात पुढे केला आणि हाताला नुसती हवा लागली. इथे पांघरूण नसते हे मला माहीत आहे, रोज येते मी. हा गारवा कुठला ते तेव्हा ओळखले. इतके दिवस मी इथे येऊन आमच्या घरी पडत होते.

दुपारी जेवल्यावर पडले आणि कान देऊन ऐकले. 'अहो' म्हणते. एकदा नाही, पुष्कळदा.

टेलरबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कसली? मी तर मनात म्हणत होते, कुणाला अशी हाक मारावीशी वाटते म्हणजे माणूस बरा असणार. माझ्या घरी 'अहो' म्हटलं की चष्मा शोधायचा असतो."

"ह्यांचाही चष्माच असायचा," मी म्हणाले. आम्ही दोघी हसलो. मग मी जरा रडले, त्या पलीकडे गप्प बसल्या. गप्प बसणे त्यांना जड जात होते, हे फळीतूनही कळत होते.

आता प्रश्न असा. माझे सगळे रुमाल थंड खोलीच्या खात्यात पडले आहेत. ते तसेच राहिले तर अभ्यास म्हणणार, गारवा दोषी. म्हणजे खिडकी दोषी. म्हणजे ह्यांच्याविरुद्ध साक्षीदार मी, आणि माझी साक्ष टेलरबाईंच्या चहाइतकी खरी.

ते खोडायचे तर जाऊन सांगावे लागणार. वन्संना, शेजाऱ्यांना, कोणाला जे दाखवले नाही ते भाचीच्या वयाच्या परक्या मुलीला सांगायचे, आणि ती ते लिहून घेणार. त्यापेक्षा पोटाचे ऑपरेशन परवडले. तिथे निदान भूल देतात.

दुसरीही शंका येते. मी हे सांगणार ते खरेपणासाठी की खिडकी सुटावी म्हणून? समजा रुमाल उबदार खोलीच्या खात्यात पडले असते आणि त्यांनी गारवा सुटत असता, तर गेले असते का सांगायला? माहीत नाही. बहुतेक दोन दिवस उशिरा गेले असते.

खिडकी दोषी असो वा नसो, तिच्यावर माझे रुमाल नकोत.

२२ जानेवारी

सांगितले.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी गेले. सिस्टर शेजारच्या काट्यावर काहीतरी तोलत होती. ती बाहेर जाईपर्यंत थांबायचे ठरवले होते, पण ती जाईना आणि माझा धीर सुटायला लागला.

मी म्हणाले, "माझे रुमाल खोडा."

"का काकू?"

"ती सर्दी नाही. मी रडत होते."

त्यांचे पेन थांबले. "कधीपासून?"

"तक्त्यात पहिला 'हो' आहे, तेव्हापासून."

"रोज?"

"दुपारी. फक्त परवा नाही. परवा राग आला होता."

डॉक्टरीणबाईंनी तक्ता पुढे ओढला. मग हळूच म्हणाल्या, "वजन रद्द करायचं तर कारण लिहावं लागतं. धुळीचा त्रास लिहू का? हे सगळे वाचतात."

त्या मुलीचे मला फार कौतुक वाटले. पण मी म्हणाले, "नको. आहे ते लिहा."

त्यांनी लिहिले. मला उलटे दिसत होते, तरी वाचले. "रडणे." नकाशावरच्या नोंदीसारखा एकच शब्द. वाटले होते तेवढे काही झाले नाही.

सिस्टर म्हणाली, "आणि मी आपली रोज वा वा करत होते." ती माझ्यापेक्षा जास्त लाजली होती. मी म्हणाले, "दहा महिन्यांत मला शाबासकी देणारी तू एकटीच." 

मग धीर करून खिडकीचे विचारले. सगळे सांगितले, कानटोपीसकट.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, खिडकीतून गारवा येतो, विषाणू येत नाही. तो माणसाकडून माणसाकडे जातो. गारव्यानं नाक थोडं ढिलं पडत असेल. पण उघड्या खिडकीनं खोलीतली हवाही बदलते, ते चांगलंच. काकांच्या बाबतीत काय झालं, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. आणि कोणी अगदी ठासून सांगत असेल तर त्यांना इथं पाठवा. पुढच्या तुकडीत जागा आहेत."

मी म्हणाले, "त्या येतील. पण तुम्हाला जड जातील."

२४ जानेवारी

घरून लिहिते आहे.

सकाळी पाकिटे उघडली. मला मीठपाणी होते. बँकेतल्या गृहस्थांना विषाणू होता आणि थंड खोलीही होती, तरी ते ठणठणीत. त्यांना याचे वाईट वाटले. सगळ्या अभ्यासाचा निकाल यायला आणखी तुकड्या आणि दोन हिवाळे लागतील.

टेलरबाईंना काल खरी सर्दी झाली. उबदार खोलीत बसून. निघताना मी व्हरांड्याशी उभी राहिले तर आतून शिंकांची माळ लागली होती. "ताई, चार दिवस," त्या नाकातून ओरडल्या. "पत्ता सिस्टरकडे ठेवलाय. ब्लाउज शिवायचा असेल तर या, नसेल तर त्याच्या आधी या." सिस्टर ट्रे घेऊन आत जात होती. पलंगावर उशीला टेकून बसलेल्या टेलरबाई एखाद्या राणीसारख्या दिसत होत्या.

फाटकाबाहेर वन्सं उभ्या होत्या, हातात शाल.

"नाक बघ कसं लाल केलंयस. सांगत होते मी."

"सर्दी नाही झाली मला, वन्सं. नुसतं मीठपाणी दिलं होतं."

"मग हे नाक?"

"रडत होते."

मला वाटले, आता म्हणतील, झाली एकदाची मोकळी. पण त्यांचा चेहरा पडला. सहलीला न नेलेल्या मुलीसारखा.

"एकटीच?"

मी मान हलवली.

"दहा महिने मी थांबलेय आणि तू इथं येऊन एकटीच रडलीस?"

"तुम्ही कशाला थांबलात?"

"मग? तू बायको. आधी मान तुझा. तुझे डोळे कोरडे असताना मी कशी सुरू करणार? लोक काय म्हणतील, बहिणीचंच नाटक." त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली, जरा रागानेच. "किती वेळा म्हटलं तुला, रडून घे, रडून घे. ऐकशील तर शपथ."

"अजून संपलेलं नाही," मी म्हणाले.

फाटकाशी एक बाक होता. आम्ही बसलो. त्यांनी विचारले, "ठरलं का मग, खिडकीचं?"

"नाही ठरलं. ह्यांचं कशानं झालं ते कोणालाच सांगता येणार नाही म्हणाल्या."

"कोणालाच?"

"कोणालाच."

त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाल्या, "लहानपणी भर थंडीत पांघरूण लाथेनं उडवायचा. मी उठून घालायचे, हा परत उडवायचा. एकदा तर मी त्याला पांघरुणात घालून वर दोरी बांधली." आणि हसता हसता त्यांचे ओठ वाकडे झाले. मी त्यांचा हात धरला. मग कोण आधी, कोण नंतर, ते राहिलेच नाही.

बस येऊन गेली. पुढचीही गेली. शेवटी पहारेकरी बाहेर आला. "आत येऊन बसा ना आजी, बाहेर किती गार आहे."

वन्संनी पदराने नाक पुसले. "असू दे," त्या म्हणाल्या. "आम्हाला चालतं."